गॅन्सिक्लोव्हिर जेल (०.१५ टक्के): बसवलेल्या बुबुळावर हर्पिस उलटला तर

कॉर्निया (बुबुळाचा पुढचा पारदर्शक पडदा) बदलल्यावर कलम, म्हणजे बसवलेला पडदा, टिकावं म्हणून स्टेरॉइडचे थेंब महिनोन् महिने चालतात, आणि नेमकं तेच मज्जातंतूत दबा धरून बसलेल्या हर्पिस विषाणूच्या पथ्यावर पडतं. अशा वेळी हे विषाणूरोधक जेल चांगलं काम करतं. मात्रा साधी: जागेपणी दर तीन तासांनी एक थेंब, दिवसातून ५ वेळा, व्रण भरला की ३ वेळा, आणखी ७ दिवस. अ‍ॅसायक्लोव्हिरच्या ३ टक्के मलमापेक्षा डोळ्याला सुसह्य, चिकटपणाही कमी. तरी घातल्यावर काही मिनिटं धूसर दिसतंच. लगेच गाडी चालवू नका. पापणी खाली ओढून खाचेत सोडा, नळीचं टोक टाक्यांना लागू देऊ नका. दुसरे थेंब असतील तर ते आधी, जेल शेवटी.

उणीव म्हणजे त्यातलं बेंझाल्कोनियम क्लोराइड हे टिकवणारं रसायन. मुदतीपलीकडे रेटलं तर पृष्ठभागच खरवडल्यासारखा होतो, आणि औषधाने झालेली ही जखम विषाणूचीच समजून डोस वाढवला जातो. मोठी फसगत इथेच होते.

शिवाय लाली, धूसरपणा, उजेडाचा त्रास शरीर कलम नाकारतं तेव्हाही होतो. फ्लुरेसीन हा रंग लावून स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) फांद्यांसारखा व्रण दिसला तर हर्पिसचा संशय बळावतो. नुसती सूज असेल तर निदान अवघड. म्हणून घरातली जुनी नळी परस्पर उघडू नका, स्टेरॉइडही मनाने बंद करू नका. पूर्वी हर्पिस झालेल्यांना शस्त्रक्रियेनंतर अ‍ॅसायक्लोव्हिरच्या गोळ्या दीर्घकाळ देतात; प्रतिबंधासाठी हे जेल त्यांची जागा घेत नाही.