जीपार्टेड: विंडोजशेजारी लिनक्ससाठी जागा काढताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील डीटीपीच्या (संगणकावरील अक्षरजुळणीच्या) दुकानांत मराठी लग्नपत्रिका आणि कन्नड अर्ज एकाच संगणकावर तयार होतात. मराठीसाठीचे श्रीलिपी आणि कन्नडसाठीचे नुडी या दोन्ही सॉफ्टवेअरचे काम विंडोजवरच बसलेले असल्यामुळे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था नसलेल्या जुन्या यंत्रांना विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही, तरी विंडोज पुसून टाकणे या व्यवसायाला परवडणारे नाही. विंडोज अक्षरजुळणीपुरती ठेवून इंटरनेट आणि बँकेच्या व्यवहारांसाठी शेजारी लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवणे, हा त्यातला व्यवहार्य मार्ग. त्यासाठी लागणारे डिस्कचे पार्टिशन, म्हणजे विभागणी, जीपार्टेड हे मुक्त सॉफ्टवेअर उत्तम करते. मात्र त्याच्या यशाची निम्मी तयारी विंडोजमध्येच करावी लागते.

लिनक्स मिंटच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला की जीपार्टेड हाताशी असतेच. संपूर्ण डिस्क रंगीत पट्टीच्या रूपात समोर येते. आकडे द्विमान पद्धतीने (१०२४ च्या पटीत) दाखवले जात असल्यामुळे २५६ जीबीची डिस्क सुमारे २३८ ची दिसते. त्यात काही हरवलेले नसते. या सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा गुण असा की विभाग पाडणे, पुसणे किंवा त्यांचा आकार बदलणे असे बदल ते लगेच अमलात आणत नाही. अशा बदलांची यादी खाली साठत जाते, ती मागे घेता येते, आणि ‘अप्लाय’चे बटण दाबेपर्यंत डिस्कवरचा एकही बाइट हलत नाही. ग्राहकांच्या कामाच्या फायली ज्या यंत्रात आहेत, तिथे हा सावधपणा फार मोलाचा आहे.

सी ड्राइव्ह लहान करण्याची सोय विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्येही आहे. परंतु एखादी न हलणारी सिस्टिम फाइल मधोमध बसलेली असली, तर अर्धी डिस्क रिकामी असूनही विंडोज थोडीच जागा सोडते. जीपार्टेड तिथे वरचढ ठरते, कारण एनटीएफएसमधील (विंडोजच्या फाइल साठवण्याच्या पद्धतीतील) मजकूर सरकवून ते अधिक जागा मोकळी करू शकते. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू राहिले असेल, तर मात्र जीपार्टेड या कामाला नकार देते, कारण अशा वेळी संगणक बंद केला तरी विंडोज खऱ्या अर्थाने बंद झालेली नसते. एनटीएफएसमध्ये त्रुटी आढळल्यास ‘चेकडिस्क’ ही विंडोजची डिस्क-तपासणी चालवून विंडोज दोनदा सुरू करण्याची सूचना येते. तो दुसरा फेरा अनेकांना अनावश्यक वाटतो, पण तो टाळू नये. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) चालू असलेल्या ड्राइव्हचा आकार जीपार्टेडला बदलता येत नाही. म्हणून विंडोज स्वतःहून साठेक जीबी देत असेल, तर सी ड्राइव्ह तिच्याकडूनच लहान करून घ्यावा आणि पुढचे विभाग जीपार्टेडने पाडावेत, असे माझे मत आहे.

पार्टिशनची उजवी कड आत घेणे हे तुलनेने लवकर होणारे काम आहे. डावी कड सरकवायची म्हटली, की आतला सगळा मजकूर उचलून पुन्हा लिहावा लागतो आणि जुन्या हार्ड डिस्कवर त्यात कित्येक तास जातात. पावसाळ्यात विजेचा भरवसा नसलेल्या खानापूरसारख्या भागात हे काम डेस्कटॉपवर करणे धोक्याचे आहे, कारण साध्या यूपीएसची बॅटरी तेवढा वेळ पुरत नाही. बॅकअप तर दोन्ही प्रकारांत आधी घेतलेलाच असावा.

विंडोज ७ च्या काळातील काही लॅपटॉपवर एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीत मिळणारे चारही प्रायमरी (मुख्य) पार्टिशन कंपनीनेच वापरून टाकलेले असतात. तिथे पाचवे करता येणार नाही असे जीपार्टेड स्पष्ट सांगते, आणि एखादे प्रायमरी काढून त्याजागी ‘एक्स्टेंडेड’ (आत आणखी विभाग सामावणारे) पार्टिशन करण्याची वाटही सुचवते. मात्र नवी पार्टिशन टेबल (विभागांची नोंद) तयार करण्याची आज्ञा यादीत न थांबता लगेच अमलात येते, सगळी डिस्क रिकामी करते, आणि नवख्याच्या हाताला ती मेनूमध्ये फार सहज लागते, हा या सॉफ्टवेअरचा खरा दोष मानावा लागेल.

बूटचा मेनू, म्हणजे संगणक सुरू होताना प्रणाली निवडण्याची यादी, तयार करणे हे जीपार्टेडचे काम नाही. ते लिनक्सच्या इन्स्टॉलरसोबत येणारे ग्रब करते. दोन्ही प्रणाली सुरू झाल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसले, तर त्याचा दोषही पार्टिशनला देऊ नये. लिनक्स यंत्रातील घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक समजते. लिनक्समधील ‘टाइमडेटसीटीएल’च्या एका आज्ञेने लिनक्सलाही स्थानिक वेळ ठेवायला लावता येते.