सात टक्के म्हणाले, साडेबारा लावले

दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी काढणार असाल तर आधी हे वाचा. त्या गर्दीतच फायनान्सच्या टेबलावर माणूस कापला जातो. मला नुसत्या व्याजात 1,13,340 रुपयांना कापलं, वरचे चार्जेस वेगळे. प्रकरण आता ग्राहक आयोगात नेतोय, म्हणून शोरूमचं आणि फायनान्स कंपनीचं नाव लिहीत नाही. पण पद्धत सगळीकडे हीच आहे.

गाडी पेट्रोल, एक्स-शोरूम 8,10,000. कर्ज 7,00,000, मुदत पाच वर्षं. फायनान्सवाला पोरगा गोड बोलणारा. व्याज विचारलं तर म्हणाला, "सात टक्के सर, फेस्टिव्हल ऑफर आहे. बँक तुम्हाला नऊच्या खाली देणार नाही." आणि माझ्यासमोर टेबलावरचा साधा कॅल्क्युलेटर ओढून हिशोब केला. सात पंचे पस्तीस. सात लाखांचे पस्तीस टक्के 2,45,000. मुद्दलात मिळवले, 9,45,000. भागिले 60. कोटेशनच्या मागच्या बाजूला 15,750 लिहिलं आणि त्याभोवती दोनदा गोल काढला.

तो गोल अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तिथेच सगळं उघडं पडलं होतं. घटत्या शिलकीवरचा, म्हणजे फक्त फेडायच्या उरलेल्या मुद्दलावर व्याज धरणारा हप्ता असा गुणाकार-भागाकार करून निघतच नाही. असा निघतो तो फ्लॅट रेटचा. म्हणजे दर महिन्याला मुद्दल फिटत जातं, पण व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण सात लाखांवर चालू. खऱ्या सात टक्क्यांनी हप्ता 13,861 बसतो. त्याने सांगितलेला 15,750 म्हणजे बँकेच्या भाषेत साडेबारा टक्के. महिन्याला 1,889 जास्त, साठ महिने.

मी आंधळेपणाने सही करणारा माणूस नाही. घराचं कर्ज फेडलंय, पतसंस्थेचं फेडलंय, दोन्हीकडे व्याज म्हणजे घटत्या शिलकीवरचंच. 'फ्लॅट' हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही आला नाही, कोटेशनवरही नव्हता. आणि वर घाई. "आज फाइल लॉगिन झाली नाही तर दसऱ्याला डिलिव्हरीचं मी सांगू शकत नाही." घरी वडिलांना शब्द दिलेला, पाहुण्यांना बोलावलेलं. हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर तारीख पुढे करतात. कोणी मुहूर्ताची भीती घातली की समजा, कागद वाचू द्यायचा नाहीये.

मग ओटीपी. "सर, एक मेसेज आला असेल, नंबर सांगा. व्हेरिफिकेशनचा आहे." एकामागून एक आले, मी सांगत गेलो. त्यातला एक करारावर ई-सही करण्याचा होता. मेसेजमध्ये इंग्रजीत तसं लिहिलेलंही होतं, पण समोरचा माणूस बोलत राहतो, मागे पुढचं गिऱ्हाईक उभं असतं. शोरूममध्ये ओटीपी तोंडी सांगू नका. मेसेज उघडा, पूर्ण वाचा, कशाचा आहे ते त्यालाच मोठ्याने सांगायला लावा.

1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेने प्रत्येक किरकोळ कर्जाला की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, बंधनकारक केलंय. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत आणि करार होण्याआधी. माझं आलं ईमेलवर, पैसे वाटप झाल्यावर, इंग्रजीत. त्यात वार्षिक दर 14.08 टक्के! कारण प्रोसेसिंगचे 5,900 आणि 'लोन सुरक्षा' नावाच्या विम्याचे 18,400 कर्जातूनच कापले होते. हा विमा मी मागितला नव्हता. अशी जीवन विम्याची पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. मला हे कळलं तेव्हा मुदत संपली होती. तुम्ही ईमेल त्याच दिवशी उघडा.

बाकीची लूटही सांगतो. गाडीचा इन्शुरन्स 46,300. तेवढ्याच आयडीव्हीचं (विम्यात धरलेली गाडीची किंमत), तेच कव्हर बाहेर 31,850 ला मिळत होतं. "बाहेरचा घेतलात तर कॅशलेस होणार नाही," ही शुद्ध थाप आहे. कॅशलेस, म्हणजे गॅरेजचं बिल विमा कंपनीनेच थेट भरणं, ठरतं ते विमा कंपनीचा त्या गॅरेजशी करार आहे की नाही यावर. विमा कुठूनही घ्यायचा हक्क तुमचा आहे. आरटीओचे म्हणून 1,04,000 घेतले, पावती निघाली 93,182 ची. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला कर 11 टक्के, हिशोब घरी करून जा आणि पावती मागा. हँडलिंग चार्जेस 6,500 कशाचे, ते आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. देऊच नका.

आणि दाद कुठे मागायची? फायनान्स कंपनी म्हणते, दर काय सांगितला ते डीलरला विचारा, आमच्याकडे तुमची ई-सही आहे. डीलर म्हणतो, कर्ज त्यांचं, आम्ही फक्त ओळख करून देतो. ओळख करून देणाऱ्याला कमिशन कसलं मिळतं मग? आरटीओतल्या बाबूने मान वर न करता सांगितलं की आमच्याकडे कर भरला गेलाय, डीलरने जास्त घेतले तो तुमचा आपसातला व्यवहार. पोलीस ठाण्यात अर्जसुद्धा घ्यायला तयार नाहीत, "हे सिव्हिल मॅटर आहे साहेब, कोर्टात जा." सात लाखांवर खोटं व्याज सांगून सही घेतली तर ते सिव्हिल, आणि माझा एक हप्ता चुकला की दारात वसुलीवाले! कर्ज मुदतीआधी फेडतो म्हटलं तर उरलेल्या मुद्दलावर 5 टक्के आणि वर जीएसटी. सगळीकडे टोलवाटोलवी, सगळीकडे "लेखी द्या", आणि लेखी दिलं की पोच द्यायला शिक्का सापडत नाही.

म्हणून लेखीच द्या, पण ईमेलने, म्हणजे पोचेसाठी कोणाच्या पाया पडावं लागत नाही. फायनान्स कंपनीने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. आधी कंपनीकडे तक्रार न करता गेलात तर ती तिथेच बंद होते. माहितीसाठी रिझर्व्ह बँकेचा नंबर 14448. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात 5 ते 10 लाखांच्या व्यवहाराला फी फक्त 200 रुपये, वकील सक्तीचा नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षं. माझ्या अर्जाला सगळ्यात वर जोडलाय तो कोटेशनचा कागद, मागच्या बाजूसकट. त्या पोराच्या अक्षरात 7 × 5 अजून स्पष्ट दिसतंय. तुमच्यासमोर कोणी असा हिशोब करून दाखवला तर कागद परत देऊ नका.