छोट्या बँकेचा एआय चॅटबॉट: ५ पैकी ३ स्टार
आमच्या छोट्या बँकेने अॅपमध्ये एआय चॅटबॉट टाकलाय. बॅलन्स, स्टेटमेंट, कार्ड ब्लॉक करणं सगळं पटापट होतं, अगदी रात्रीसुद्धा, तेवढ्यासाठी ब्रांचला जायची कटकट संपली. पण लोन का रिजेक्ट झालं विचारलं की गाडी अडते, तेच तेच गोल गोल उत्तर, आणि माणसाशी बोलायचं बटण कुठेतरी आत लपवलंय (मुद्दामच केलंय असं वाटतं). बहुतेक छोट्या बँका हे स्वतः बनवत नाहीत, सॉफ्टवेअर व्हेंडरकडून तयार घेतात, त्यामुळे मॅनेजरलाही धड कारण सांगता येत नाही, मग आम्ही विचारायचं कोणाला? फ्रॉड अलर्ट मात्र भारी, नेहमीपेक्षा वेगळा व्यवहार दिसला की लगेच मेसेज, कधीकधी आपलंच खरं पेमेंट अडकतं, ते चालवून घेईन. लोनसाठी सरळ काउंटरवरच्या माणसाला गाठा.