मुलीच्या जे-१ कार्यक्रमाची बदली आणि अलकापुरीतील एक सल्लागार कार्यालय

ज्या व्हिसा सल्लागार कार्यालयाबद्दल मी लिहीत आहे त्याचे नाव मुद्दाम देत नाही. तिथे जे चुकीचे सांगितले गेले, तेच बडोद्यातील आणखी दोन कार्यालयांनी फोनवर तितक्याच ठामपणे सांगितले होते, त्यामुळे एकाच्याच माथी खापर फोडणे बरोबर होणार नाही. आपल्याकडची बहुतेक कार्यालये एफ-१ व्हिसावर, म्हणजे अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलांवर चालतात. जे-१, म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमाचा व्हिसा घेऊन संशोधनाला गेलेल्या माणसाचे प्रकरण त्यांच्याकडे क्वचित येते आणि आले की ते त्याला एफ-१ चाच गणवेश चढवतात.

आमचे प्रकरण असे होते. माझी मुलगी महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पीएच.डी. करून २०२३ साली ‘रिसर्च स्कॉलर’ या वर्गात अमेरिकेतील एका विद्यापीठात गेली. तिचे प्राध्यापक २०२५ च्या उन्हाळ्यात आपली प्रयोगशाळा दुसऱ्या विद्यापीठात हलवणार होते आणि तिलाही सोबत नेणार होते. तिच्या डीएस-२०१९ ची, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या जे-१ कार्यक्रमाच्या प्रमाणपत्राची, मुदत ३१ ऑगस्टला संपत होती. ती तिथे कामात बुडालेली, म्हणून चौकशीचे काम माझ्याकडे आले आणि जूनमधल्या एका शनिवारी कागदांची फाइल घेऊन मी अलकापुरीत पोहोचलो.

कार्यालय नीटनेटके आहे, वेळ पाळली जाते, चहाही बरा मिळतो. पहिल्या भेटीत जो तरुण सल्लागार समोर बसला, त्याने पासपोर्टवरचा व्हिसा उघडून त्यावरची तारीख पाहिली आणि ‘काका, अजून भरपूर वेळ आहे’ असे सांगून टाकले. डीएस-२०१९ त्याने उलगडलाही नाही. खरे तर त्या कागदाच्या तिसऱ्या रकान्यात कार्यक्रमाची मुदत आणि चौथ्यात वर्ग छापलेला असतो, आणि अमेरिकेत गेल्यावर माणसाचा मुक्काम या दोन रकान्यांवर ठरतो. व्हिसा हा केवळ दारातून आत जाण्याचा परवाना असून तो आत असताना संपला तरी काही बिघडत नाही, उलट तो शिल्लक असला तरी कार्यक्रमाची मुदत संपल्यावर त्याचा आधार घेता येत नाही.

मी ३१ ऑगस्टची तारीख दाखवली तेव्हा तो म्हणाला की पुढे तीस दिवसांची सवलत असतेच, बदली त्यात करून टाकू. इथे एफ-१ चा नियम डोकावला. एफ-१ विद्यार्थ्याला शिक्षण संपल्यावर साठ दिवस मिळतात आणि त्या काळात त्याची नोंद दुसऱ्या विद्यापीठाकडे वळवता येते. जे-१ ला मिळणारे तीस दिवस सामान बांधण्यासाठी, फार तर थोडे फिरण्यासाठी असतात. त्यात काम करता येत नाही, एकदा देशाबाहेर पडल्यास त्यांच्या बळावर परत येता येत नाही, आणि ज्याचा कार्यक्रम पूर्ण होण्याऐवजी ठपका ठेवून बंद केला गेला त्याला ते मिळतच नाहीत. बदली मुदत संपण्याच्या आतच झाली पाहिजे. त्याचा सल्ला ऐकून आम्ही सप्टेंबरची वाट पाहिली असती, तर बदलायला कार्यक्रमच उरला नसता.

त्याचा दुसरा सल्ला वरवर पाहता शहाणपणाचा वाटतो, म्हणून तो अधिक घातक आहे. बदलीची कटकट नको असेल तर मुलीला घरी बोलवा, नव्या विद्यापीठाकडून नवा डीएस-२०१९ घ्या आणि मुंबईच्या वकिलातीतून नवा व्हिसा काढा, असे तो म्हणाला. माझ्या पत्नीला हे फार आवडले, कारण मुलगी गणपतीत घरी आली असती. परंतु रिसर्च स्कॉलर आणि प्रोफेसर या वर्गांना एकूण पाच वर्षे मिळतात आणि कार्यक्रम एकदा संपला, मग तो दोन वर्षांतच का संपलेला असेना, की पुढचे चोवीस महिने त्याच दोन वर्गांत परत जाता येत नाही. उरलेली तीन वर्षे बुडतात ती वेगळीच. या बंधनातून माफी मिळण्याची सोयही नाही. बदली केल्यास मात्र तोच कार्यक्रम पुढे चालू राहतो आणि पाच वर्षांचे घड्याळ पहिल्या दिवसापासून जसे चालू होते तसेच चालत राहते.

तिसऱ्या सल्ल्यात पैशाचा प्रश्न होता. मुलीच्या डीएस-२०१९ वर खालच्या डाव्या कोपऱ्यात, अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचे कलम २१२(ई) लागू असल्याचा शेरा आहे. ज्याला हे कलम लागू होते त्याने दोन वर्षे मायदेशी काढल्याखेरीज त्याला एच-१बी हा नोकरीचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. बडोदेकराला अशी अट परकी वाटू नये, कारण सयाजीराव महाराजांनी १९१३ साली बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले तेव्हा परत येऊन दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला होता. त्या तरुणाने या अटीची आणि वर सांगितलेल्या चोवीस महिन्यांची सरमिसळ केली आणि दोन्हींवर उतारा म्हणून माफीच्या अर्जाचे ‘पॅकेज’ पुढे केले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. चोवीस महिने कुठेही काढले तरी चालतात, अगदी अमेरिकेत वेगळ्या दर्जावर राहूनही, तर दोन वर्षे मायदेशातच काढावी लागतात.

घरी आल्यावर मी अंदाजपत्रक वाचले. एकूण ४२,००० रुपये, त्यांपैकी १५,००० आगाऊ मी देऊन बसलो होतो. यादीत सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थी आणि संशोधकांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी प्रणालीचे, २२० डॉलर शुल्कही धरले होते. एकाच वर्गात बदली होत असेल तर हे शुल्क पुन्हा भरावे लागत नाही आणि सेव्हिसचा क्रमांकही तोच राहतो. रात्री मुलीशी बोलणे झाले. तिने तिच्या विद्यापीठातील ‘रिस्पॉन्सिबल ऑफिसर’ना, ज्यांना सगळे आरओ म्हणतात, ई-मेल केला आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आले की बदली ३१ ऑगस्टच्या आतच व्हायला हवी.

दुसऱ्या भेटीत मी त्या तरुणाला टाळून वरिष्ठ सल्लागार बाईंची वेळ मागितली, आणि या कार्यालयाला मी जे काही गुण देत आहे ते त्यांच्यामुळे. त्या रावपुऱ्यातल्या मराठी घरातल्या निघाल्या. त्यांनी डीएस-२०१९ टेबलावर सपाट पसरून पट्टीने एकेक रकाना वाचला. डाव्या कोपऱ्यातील शेऱ्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले की मुलीच्या खर्चात कोणत्या सरकारचा पैसा आहे का. नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘मग काका, माफीचा अर्ज कशाला? हा शेरा कौशल्य यादीमुळे पडलाय, आणि ९ डिसेंबर २०२४ पासून भारत त्या यादीतच नाही.’ कोणत्या देशाला कोणत्या कौशल्यांची माणसे परत हवी आहेत याची ही अमेरिकी सरकारची यादी, आणि नवी यादी आधी गेलेल्यांनाही लागू होते. सरकारी पैशावर गेलेले आणि वैद्यकीय प्रशिक्षणाला गेलेले डॉक्टर मात्र अजूनही अडकतात. शंका वाटली तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडून लेखी अभिप्राय मागवता येतो, हेही त्यांनीच सांगितले. शिवाय माफीची शिफारस एकदा झाली की कार्यक्रमाला मुदतवाढ मिळत नाही, म्हणजे ते पॅकेज घेतले असते तर पैसे देऊन आम्ही आपलीच वाट अडवली असती.

विम्याच्या बाबतीतही त्यांची नजर तीक्ष्ण ठरली. प्रत्येक आजारासाठी किमान १,००,००० डॉलर, पार्थिव मायदेशी आणण्यासाठी २५,००० डॉलर, वैद्यकीय स्थलांतरासाठी ५०,००० डॉलर आणि स्वतःच्या खिशातील हिस्सा ५०० डॉलरपेक्षा अधिक नको, असे नियमात आहे. जुन्या विद्यापीठाचा विमा ३१ जुलैला थांबत होता आणि नव्याचा ५ ऑगस्टला सुरू होत होता. मधले चार दिवस त्यांनी कॅलेंडरवर पेनने गोल करून दाखवले. जावईही जे-२ वर, म्हणजे जे-१ धारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर, तिथेच असल्याने त्याचाही विमा तेवढ्या दिवसांसाठी वेगळा घ्यावा लागला.

बाकी बदली त्या कार्यालयाने केली नाही आणि बडोद्यातील कोणतेही कार्यालय ती करू शकत नाही. दोन्ही विद्यापीठांच्या आरओंनी आपापसांत तारीख ठरवली, जुन्यांनी सेव्हिसमधील नोंद त्या दिवशी सोडली, नव्यांनी नवा डीएस-२०१९ दिला, आणि तीस दिवसांच्या आत मुलीने नव्या विद्यापीठात हजर होऊन नोंद पक्की करून घेतली. त्या तारखेआधी नव्या प्रयोगशाळेत काम करायचे नाही, अशी ताकीदही आरओंनी दिली होती. या साऱ्याला आम्हाला एक पैसाही लागला नाही.

कागद तपासून घेण्यापुरते जायचे असेल तर जरूर जावे, पण वरिष्ठ बाईंचीच वेळ घ्यावी आणि अंदाजपत्रकावर सही करण्यापूर्वी मुलाने वा मुलीने आरओंना एक ई-मेल टाकलेला असावा. पाचपैकी अडीच तारे. सल्ल्याचे ६,००० रुपये मी आनंदाने दिले. आगाऊ रकमेतील उरलेले ९,००० ‘पुढच्या आठवड्यात’ परत मिळणार होते, त्याला आता तीन महिने झाले असून पावती माझ्याकडे आहे.