फार्मकॅस: पार्ट-टाइम शिकून फार्म.डी.ला जाणाऱ्यांसाठी ही अर्जसेवा कशी आहे?

ठाणे, वाशी, नेरूळकडून बी.फार्म. करून लग्नानंतर अमेरिकेला गेलेल्या मुलींना तिथे फार्मासिस्ट व्हायचं तर बहुतेक वेळा फार्म.डी. (फार्मसीची डॉक्टरेट पदवी) करावंच लागतं. १ जानेवारी २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्यांना तिथल्या परदेशी पदवीधरांच्या परीक्षेला बसायला किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, आणि आपलं बी.फार्म. चार वर्षांचं. मग घर, मूल सांभाळत कम्युनिटी कॉलेजात (तिथल्या दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात) फार्म.डी.ला आधी लागणारे विषय एका वेळी एक-दोन असे घ्यायचे आणि फार्मकॅस या फार्मसी कॉलेजांच्या सामाईक ऑनलाइन अर्जसेवेवरून अर्ज करायचा. एकाच अर्जावर अनेक फार्मसी कॉलेजं मिळतात. पहिल्या कॉलेजची फी जास्त, पुढच्या प्रत्येकाची कमी. सोय म्हणून सेवा चांगली आहे. पार्ट-टाइम शिकलेल्यांनी मात्र ती नीट समजून घ्यावी.

फार्मकॅस पार्ट-टाइमबद्दल गुण कापत नाही, पण काही झाकतही नाही. विषय भरताना आधी कॉलेज, मग सत्र, मग प्रत्येक विषयाचा कोड, नाव, क्रेडिट (विषयाच्या भाराचं माप) आणि ग्रेड असं एकेक ओळीने जातं. लॅब ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रकावर) वेगळी असेल तर तिची ओळही वेगळी. त्यामुळे निवड समितीला एका नजरेत दिसतं की सहा सत्रं दर वेळी चार ते सहा क्रेडिटच घेतले. फार्म.डी.च्या पहिल्याच सत्रात सोळा-सतरा क्रेडिट एकदम अंगावर येतात. तेवढं पेलेल का, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. पीसीएटी ही प्रवेशपरीक्षा जानेवारी २०२४ नंतर बंद झाल्यापासून उत्तर शोधायला त्यांच्याकडे मुख्यतः ट्रान्सक्रिप्टच उरतं. म्हणून बाकीची सत्रं हलकी असली तरी चालेल, पण निदान एक सत्र बारा क्रेडिटचं घ्यावं आणि त्यात लॅबसह दोन सायन्स असावेत, उदाहरणार्थ ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि मायक्रोबायोलॉजी. त्या एका सत्रातले चांगले ग्रेड अर्जातल्या निबंधाच्या चार परिच्छेदांपेक्षा जास्त बोलतात.

सगळ्यात जास्त फसगत जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत होते (ए म्हणजे ४, सी म्हणजे २). चार क्रेडिटला ए आणि चार क्रेडिटला सी, म्हणजे ३.०. सी आलेला विषय पुन्हा घेऊन ए मिळवला की कॉलेज स्वतःच्या नियमाने जुना ग्रेड वगळून ४.० दाखवू शकतं. फार्मकॅस दोन्ही प्रयत्न धरतं: बारा क्रेडिटला चाळीस गुण, म्हणजे ३.३३. बी.फार्म.चे भारतातले मार्क या जीपीएत मिसळत नाहीत, त्यामुळे पार्ट-टाइमवालीचा सगळा भार त्या मोजक्या विषयांवर येतो. मध्येच सोडलेल्या विषयाचा डब्ल्यूसुद्धा भरावा लागतो. एखादा डब्ल्यू खपून जातो. पण दोनच विषय घेतलेल्या सत्रात त्यातला एक डब्ल्यू असेल तर ते डोळ्यांत खुपतं.

दुसरी अडचण क्रमाची. जनरल केमिस्ट्री एक, दोन, मग ऑरगॅनिक एक, दोन ही साखळी चार सत्रांची, आणि बायोकेमिस्ट्री मागितली तर पाच. पार्ट-टाइम सुरू करताना इंग्लिश, सायकॉलॉजीसारखे सोपे विषय आधी उरकले तर ही साखळी तेवढीच पुढे सरकते. अनेक कॉलेजं ठरावीक वर्षांपेक्षा जुने सायन्सचे विषय धरत नाहीत. म्हणून केमिस्ट्री पहिल्या सत्रातच घ्यावी. आणि एच-४ व्हिसावर (नोकरीसाठी गेलेल्याच्या जोडीदाराचा) पार्ट-टाइम शिकता येतं, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीपातळीला सत्राला किमान बारा क्रेडिट लागतात, हे नाव घालण्याआधीच लक्षात असू द्या.

कमी क्रेडिटचं कारण सांगायची जागा अर्जात आहे. अनुभवाच्या भागात कामाच्या तारखा आणि आठवड्याचे तास भरायचे असतात. फार्मसी टेक्निशियन म्हणून आठवड्याला तीस तास काम आणि त्याच महिन्यांत सहा क्रेडिट, हे शेजारीशेजारी दिसलं की वेगळं समजवावं लागत नाही. मूल लहान होतं, तर निबंधात दोन साधी वाक्यं पुरेत. गयावया नको.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी मात्र सेवा कमी पडते. उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजात घेतलेल्या एका विषयाचीही अधिकृत ट्रान्सक्रिप्ट लागते. पार्ट-टाइमवाल्यांची दोन-तीन कॉलेजं सहज होतात आणि त्यातलं एक राहून जातं. विषय चुकीचे भरले तर अर्ज परत येतो आणि पुन्हा पडताळणीच्या रांगेत लागतो, तोवर कॉलेजची मुदत जवळ येते. मुंबई विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, असं असेल तर अर्जातल्या दुसऱ्या नावाच्या रकान्यात माहेरचं पूर्ण नाव घाला, नाहीतर कागद अर्जाशी जुळत नाहीत.

आमच्याकडून पाचपैकी साडेतीन. नवा अर्ज दर वर्षी जून-जुलैच्या सुमारास खुला होतो. बी.फार्म.च्या मूल्यांकनासाठी (ती पदवी अमेरिकेच्या हिशोबात कशी बसते हे तपासण्यासाठी) ट्रान्सक्रिप्टचं काम त्याआधी, एप्रिल-मेमध्येच सुरू करा. घरच्या कुणाला कलिन्याला मुंबई विद्यापीठात जावं लागलं तर सही केलेलं अधिकारपत्र, ओळखपत्राची प्रत आणि सगळ्या सत्रांच्या मार्कशीटच्या प्रती बरोबर द्या. एक मार्कशीट राहिली की ठाण्याहून कुर्ला आणि पुढे बस, हा फेरा पुन्हा करावा लागतो.