समुपदेशकांसाठी: गूगल बिझनेस प्रोफाइल की इन्स्टाग्राम?
पुण्यात नवं समुपदेशन केंद्र काढलंत, तर आधी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगल शोधात आणि नकाशावर दिसणारी केंद्राची नोंद. ‘कोथरूडमध्ये समुपदेशक’ शोधणाऱ्याला मदत आत्ता हवी असते. इन्स्टाग्रामवरचा बहुतेकदा नुसते रील पाहत असतो. प्रोफाइल फुकट आहे, पण नावात ‘बेस्ट’, ‘पुणे’ असे शब्द कोंबले तर निलंबित होऊ शकतं. फक्त ऑनलाइन सत्रं घेणाऱ्यांना ते मिळतच नाही. त्यांना इन्स्टाग्रामच बरं. प्रोफाइलची खरी जोखीम लोकांच्या अभिप्रायांत आहे: ‘तुम्ही आलात, बरं वाटलं’ एवढ्या उत्तरानेही ती व्यक्ती तुमच्याकडे आली हे उघड होतं आणि गोपनीयता मोडते. इन्स्टाग्रामवर फी, भाषा आणि वेळा बायोत लिहा. मेसेजमधून समुपदेशन मुळीच नको. तातडीच्या मदतीसाठी तिथे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक ठळक ठेवा.