पांढरी टाइल, करडी कड: गच्चीच्या ‘हीटप्रूफ’ टाइल्समध्ये ६०,७०० रुपये बुडाले

सोलापुरात उन्हाळा तोंडावर आला की गच्चीवर हीटप्रूफ टाइल्स बसवून देतो म्हणणारे फिरायला लागतात. यातले सगळेच लबाड नसतात, पण आमच्या वाट्याला आलेला होता.

हिशेब आधी सांगते. गच्ची १,०५० चौरस फूट, मजुरीसकट फुटाला ६८ रुपये, एकूण ७१,४००. निम्मे ३५,७०० आगाऊ, माल उतरल्यावर २५,०००. राहिलेले १०,७०० दिले नाहीत. पहिल्या पावसानंतर सगळं उखडून राडारोडा उचलायला १६,५०० वेगळे गेले.

ही माणसं दाखवतात काय, तर भर दुपारी स्लॅबवर एक पांढरी टाइल ठेवतात. अर्ध्या तासानं त्या टाइलवर हात ठेवायला लावतात, मग शेजारच्या स्लॅबवर. स्लॅबवर हात ठरत नाही, टाइलवर ठरतो. झालं, गिऱ्हाईक पटलं. अहो, ४२-४३ डिग्रीच्या उन्हात पांढरं काहीही करड्या स्लॅबपेक्षा थंडच राहणार! चुन्याचा हात मारलेली साधी फरशी ठेवली तरी हेच होईल. तपासला जातो तो फक्त रंग. तो रंग टिकणार की नाही, हे टाइल आतून कशाची आहे त्यावर ठरतं, आणि ते कोणी दाखवत नाही. चांगल्या सिरॅमिक टाइलचा पांढरा थर भट्टीत भाजलेला असतो, धुऊन जात नाही. आम्हाला टाकलेल्या टाइल्स सिमेंटच्या होत्या, वरून नुसता रंग मारलेला.

आम्ही डोळे मिटून पैसे दिले नव्हते. नमुना पाण्यात घातला, नाण्यानं घासला, कड पाहिली. नमुना खराच होता. फसवलं ते टेम्पोत.

तो टेम्पो उतरत होता तेव्हाच कळायला हवं होतं. खोकी कोरी, त्यावर ना कंपनीचं नाव, ना नग, ना किंमत. उतरवणाऱ्या पोराचे तळवे आणि शर्टाची छाती पांढरीफटक. भाजलेल्या टाइलचा रंग हाताला लागतोच कसा? एक टाइल फुटली होती, तिची कड सिमेंटसारखी करडी होती. नमुन्याची कड आतपर्यंत एकसारखी फिकट. हे सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि त्याच वेळी तो माणूस ‘मजूर थांबलेत, पेमेंट करा’ म्हणून घाई करत होता. ती घाई मुद्दामच असते. टेम्पो उभा असताना एक रुपयाही देऊ नका.

तपासायला पाच मिनिटं लागतात. कोणतंही खोकं स्वतः निवडा, मधली टाइल काढा, उलटी करून पाठीवर चमचाभर पाणी टाका. आमच्या टाइलनं ते बघता बघता पिऊन टाकलं. पक्की खात्री हवी असेल तर किराणा दुकानातल्या काट्यावर कोरडी टाइल तोला, २४ तास बादलीत बुडवा, पुसून पुन्हा तोला. दाखवलेला नमुना १,८६० ग्रॅमचा १,८७० झाला, म्हणजे अर्धा टक्का. बसवलेली टाइल २,२५० ची २,४९० झाली, म्हणजे साडेदहा टक्क्यांहून जास्त. एवढं पाणी पिणाऱ्या टाइलवर रंग टिकतच नाही, पोपडे धरतो.

मापातही मारलं. ३०० बाय ३०० मिलिमीटरची टाइल म्हणजे ०.९७ चौरस फूट, पूर्ण एक फूट नव्हे. त्यानं १,०५० नग आणून हिशेबात १,०५० फूट धरले. साधारण ३३ फूट कमी, म्हणजे २,२४४ रुपये. उरलेली जागा टाकीमागं सिमेंट फासून झाकली. बिल नगावर नको, बसवलेल्या क्षेत्रफळावर घ्या.

बसवणं तर विचारूच नका. स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा हात नाही, कठड्याच्या कोपऱ्यात वाटा (सिमेंटची गोलाई) नाही, उतार तपासला नाही. पाणी जायच्या पाइपाकडे १०० फुटांना १ फूट तरी उतार हवाच. शिवाय आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येत होतं, म्हणून क्युरिंग, म्हणजे बसवल्यावर पाणी मारत राहणं, टाळलं. एप्रिलच्या उन्हात टाइलखालचा सिमेंट-वाळूचा मसाला कोरडा पडला आणि निम्म्या टाइल्स ठोकल्या की पोकळ वाजू लागल्या. पाण्याची सोय नसेल तर टँकर सांगा, नाहीतर काम पुढे ढकला. मसाल्याची जाडीही बघा. २५ मिलिमीटर मसाला आणि टाइल मिळून चौरस मीटरला ७० किलोच्या आसपास वजन स्लॅबवर येतं. उतार काढायच्या नावाखाली त्याची दुप्पट जाडी घातली तर जुन्या स्लॅबचं काय होईल?

पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर, म्हणजे १२,८५२ रुपये, असं तो म्हणाला. एवढी रक्कम ऐकून कोणीही थबकेल. आणि पुढे प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न तोच: बिल कुठंय?

एका पोलीस ठाण्यात सांगितलं, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. एक माल दाखवून दुसरा गळ्यात मारायचा ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? वर विचारणा काय, तर ‘माल मिळाला ना तुम्हाला?’ अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. कोऱ्या खोक्यांची तक्रार घेऊन एका कार्यालयात गेलो तर खोकी घेऊन या म्हणाले. खोकी तो माणूस त्याच टेम्पोत परत घेऊन गेला होता! तिसऱ्या ठिकाणी ऑनलाइन फसवणूक आहे का विचारलं. ‘यूपीआयनं पैसे तुम्हीच पाठवलेत, मग आमच्याकडे कशाला आलात?’ असं वर ऐकवलं. एकानंही त्या माणसाला फोन लावला नाही. नंबर समोर लिहून दिला होता.

तरी गप्प बसू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही. यूपीआयची नोंद, कोटेशनचा कागद, व्हॉट्सॲपचे मेसेज, सगळ्याची प्रिंट काढा. आणि नमुन्याची टाइल त्याला परत नेऊ देऊ नका. तिच्या पाठीवर त्याची सही आणि तारीख आधीच घ्या. आमच्याकडे टाइल आहे, सही नाही, आणि ‘हा नमुना मी दाखवलाच नाही’ असं तो आता म्हणतोय.